वापरकर्तानिहाय वेब होस्टिंग

एकाच यंत्रावर खाती असलेल्या अनेक व्यक्तींना आपापली वेब ॲप्लिकेशन स्वतंत्रपणे चालवता यावीत, यासाठी वेब सर्व्हरची जी मांडणी करतात तिला वापरकर्तानिहाय होस्टिंग म्हणता येईल. विद्यापीठांतील सामायिक युनिक्स यंत्रांवर ही पद्धत रुजली. प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीत (खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) ‘पब्लिक_एचटीएमएल’ नावाचे फोल्डर असे आणि सर्व्हरच्या पत्त्यापुढे टिल्ड चिन्ह (~) व खातेनाव लिहिले की त्यातील पाने ब्राउझरमध्ये दिसत. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये आजही हे काम ‘मॉड_युजरडिर’ हे मॉड्यूल करते. ते सुरू करताना ‘रूट’ हे सर्वाधिकारी खाते त्यातून वगळणे अगत्याचे असते.

नुसती पाने दाखवायची असल्यास प्रश्न परवानग्यांपुरताच राहतो. होम डिरेक्टरीला ७११ परवानगी (युनिक्समध्ये अधिकार अशा आकड्यांत लिहितात) दिली की सर्व्हरला तिच्यातून आत जाता येते, पण इतरांना तेथील फाइलींची यादी वाचता येत नाही. आतल्या फोल्डरला ७५५, म्हणजे इतरांना वाचण्याचीही मुभा, पुरते. हे बिनचूक करूनही ४०३ ही ‘प्रवेश नाकारला’ अशी त्रुटी येत राहिली, तर एसईलिनक्स ही लिनक्समधील जादा सुरक्षाव्यवस्था चालू आहे का ते पाहावे, कारण होम डिरेक्टरी वाचण्याची मुभा ते सर्व्हरला वेगळी दिल्याखेरीज देत नाही.

खरी अडचण प्रोग्राम चालवण्यापासून सुरू होते. सीजीआय म्हणजे विनंती आली की सर्व्हरने प्रोग्राम चालवून त्याचे उत्तर पाठवण्याची पद्धत. तिच्या साध्या मांडणीत सर्वांचे प्रोग्राम सर्व्हरच्याच खात्याच्या अधिकाराने चालतात; त्यामुळे एकाच्या ॲप्लिकेशनने वाचायची डेटाबेसच्या पासवर्डची फाइल दुसऱ्याच्या प्रोग्रामलाही वाचता येते, आणि परवानग्या कितीही आवळल्या तरी ही फट बुजत नाही. म्हणून या साऱ्या रचनेत प्रत्येकाचा कोड त्याच्याच खात्याच्या अधिकाराने चालणे ही पहिली अट मानली पाहिजे. वेग आणि सोय त्यानंतर. अपाचेच्या १.२ आवृत्तीत आलेले ‘सुएक्झेक’ नेमके हेच करते. प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी ते फाइलीचा मालक तपासते आणि फाइल किंवा तिचे फोल्डर इतरांना लिहिण्यासाठी खुले असेल तर ती चालवण्यास नकार देते. नवख्यांना ही तपासणी जाचक वाटते, पण तिचे नियम सैल करू नयेत.

सीजीआयमध्ये दर विनंतीला नवी प्रोसेस (चालता प्रोग्राम) उभी राहत असल्याने मोठी ॲप्लिकेशन संथ होतात. पीएचपी भाषेतील ॲप्लिकेशनसाठी ‘पीएचपी-एफपीएम’ या सेवेत प्रत्येक खात्याचा वेगळा पूल, म्हणजे आधीच चालू असलेल्या प्रोसेसचा गट, करता येतो, पायथॉन किंवा नोडची ॲप्लिकेशन मात्र वापरकर्ता स्वतः अखंड चालू ठेवतो आणि मुख्य सर्व्हर रिव्हर्स प्रॉक्सी (मध्यस्थ) होऊन विनंत्या तिकडे वळवतो. येथे दोघांमधील जोडणीसाठी पोर्टऐवजी (यंत्रावरील क्रमांकित जोडणीस्थानाऐवजी) युनिक्स सॉकेट वापरणे श्रेयस्कर. पोर्टवर यंत्रावरील कोणालाही जोडणी करता येते. शिवाय ॲप्लिकेशन बंद पडले असताना दुसऱ्याने तोच पोर्ट बळकावला, तर पहिल्यासाठी आलेल्या विनंत्या, लॉगिनच्या तपशिलांसह, त्याच्या हाती पडतात. सॉकेट मात्र फाइलीसारखा असल्याने त्याला मालक व परवानग्या असतात. सेवा चालू ठेवणाऱ्या लिनक्सच्या सिस्टमडी या व्यवस्थेतील वापरकर्ता-सेवा त्या खात्याचे शेवटचे सत्र संपताच थांबतात; त्या चालू राहाव्यात यासाठी त्या खात्यापुरते ‘लिंगर’ ही सोय सुरू करावी लागते. एकाच्या बिघडलेल्या कोडने सगळी मेमरी गिळू नये म्हणून सीग्रुप या लिनक्सच्या सोयीद्वारे मर्यादा घालतात.

इतके केल्यावर सर्व्हरच्या बाजूचे विलगीकरण पुरे होते, ब्राउझरच्या बाजूचे नाही. ब्राउझर वेबस्थळाची ओळख योजना (पत्त्याच्या सुरुवातीचे http किंवा https), यजमाननाव (सर्व्हरचे नाव) व पोर्ट या तिहींवरून ठरवतो. टिल्डनंतरचा मार्ग त्यात मोजला जात नाही. परिणामी एका वापरकर्त्याच्या पानावरील जावास्क्रिप्ट त्याच यजमानावरील दुसऱ्याच्या ॲप्लिकेशनला पान पाहणाऱ्याच्या लॉगिनसह विनंती करून उत्तर वाचू शकते, आणि कुकीला (लॉगिन लक्षात ठेवण्यासाठी ब्राउझरमध्ये साठवलेल्या नोंदीला) मार्गाचे बंधन घातल्याने हा धोका टळत नाही. टिल्ड पत्ता साध्या पानांसाठी चालेल. लॉगिन असलेल्या ॲप्लिकेशनसाठी तो वापरू नये. प्रत्येकाला स्वतंत्र सबडोमेन (मुख्य डोमेनच्या आधी स्वतःचे नाव जोडलेला पत्ता) देणे हा योग्य उपाय होय. त्यामुळे ॲप्लिकेशन आपल्या दुव्यांत मुळापासूनचा मार्ग गृहीत धरते तेव्हा उद्भवणारी दुवे तुटण्याची कटकटही मिटते.

तरीही एखादे सबडोमेन मूळ डोमेनच्या नावे कुकी ठेवून शेजाऱ्यांना त्रास देऊ शकते. गिटहब या कोड-साठवण सेवेने २०१३ मध्ये वापरकर्त्यांची पाने मुख्य डोमेनवरून वेगळ्या डोमेनवर हलवली, ती अशाच हल्ल्यांच्या शक्यतेमुळे. मूळ डोमेन ‘पब्लिक सफिक्स लिस्ट’ या ब्राउझर वापरत असलेल्या सामायिक यादीत नोंदवले की ब्राउझर अशी कुकी स्वीकारत नाहीत. सर्व सबडोमेनसाठी एकच वाइल्डकार्ड प्रमाणपत्र (सुरक्षित https जोडणीसाठीचे, सर्व सबडोमेनना लागू होणारे) पुरते. लेट्स एन्क्रिप्ट ही प्रमाणपत्र देणारी संस्था २०१८ पासून ते विनामूल्य देते. मात्र त्यासाठी डोमेनवरील हक्क डीएनएस (डोमेननावांची नोंदव्यवस्था) नोंदीद्वारेच सिद्ध करावा लागतो.