वांझ माशीमुळे माणूस वांझ होत नाही

कलमांच्या बागांतून एक समजूत वर्षानुवर्षं फिरते आहे: वांझ केलेल्या फळमाशा सोडल्या, तर तिथला आंबा खाणाराही वांझ होईल. हे साफ चुकीचं आहे.

कोषावस्थेत गॅमा किरण दिले की माशीची प्रजननक्षमता जाते. किरण तिच्या अंगात साठून राहत नाहीत. असा नर बागेतल्या मादीशी जुळला, की तिची अंडी उबतच नाहीत. जपानने ओकिनावातली कारली-काकडीवरची फळमाशी याच रीतीने १९९३पर्यंत संपवली.

जनुक बदललेले कीटक ही वेगळी पद्धत. तिची चाचणी २०१७मध्ये न्यूयॉर्क राज्यात कोबीवरच्या पतंगावर झाली.

आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा? त्यातून वांझ माशी सोडली जात नाही. मिथाइल युजेनॉल या आमिषाच्या वासाला भुलून नर आत येतात आणि मरतात, एवढंच. कृपा करून ते डबे काढू नका.