पोलादी खिळे वाकवणे (दमाचा प्रकार आणि त्याचे नियम)

ठरलेल्या मापाचे पोलादी खिळे नुसत्या हातांनी एकामागून एक वाकवत जायचे आणि वेळ संपली की किती झाले ते मोजायचं, असा हा ताकदीचा प्रकार. एकच जाड खिळा किंवा सळई वाकवून दाखवण्यापेक्षा हा वेगळा. तिथे प्रश्न जोराचा असतो, इथे तोच जोर परत परत लावायचा असतो, त्यामुळे पकड, मनगट आणि तळव्याची कातडी यातलं काय आधी दगा देतं त्यावर आकडा ठरतो. सगळ्या जगात मानला जाणारा असा एकच नियमसंच या प्रकाराला नाही, त्यामुळे ‘अमुक इतके खिळे अमुक वेळात’ असा दावा वाचला की पहिला प्रश्न पडायला हवा तो म्हणजे कुठले खिळे आणि ‘वाकले’ म्हणजे किती वाकले.

उगम

याबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं की लोहाराच्या भट्टीपाशी आणि जत्रेतल्या मल्लांकडे हे आधीपासून होतंच, म्हणजे लोखंड तिथे खिळा वाकवणारा कोणीतरी असणारच. दुसरं मत ही परंपरा 19 व्या शतकाच्या शेवटी आणि 20 व्याच्या सुरुवातीला रंगमंचावर ताकद दाखवणाऱ्या मंडळींपासून धरतं. त्या पिढीतली दोन नावं कायम येतात, अलेक्झांडर झास (1888–1962) आणि ‘माइटी अॅटम’ म्हणून गाजलेला जो ग्रीनस्टीन (1893–1977). झास साखळ्या तोडणं आणि गज वाकवणं यासाठी ओळखला जायचा, ग्रीनस्टीन खिळे दातांनी तोडायचा. पण हे दोघंही मोजून शेकडो खिळे वाकवण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध नव्हते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पहिलं मत चुकीचं आहे असं नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. जुने खिळे घडाई लोखंडाचे, हाताने ठोकलेले, चौकोनी आणि टोकाकडे निमुळते असायचे. घडाई लोखंड आजच्या खिळ्यांच्या (छिद्रातून ओढून बारीक केलेल्या) तारेपेक्षा बरंच मऊ, शिवाय एका खिळ्यासारखा दुसरा खिळा नाही, तेव्हा असे शंभर खिळे वाकवले तरी त्या शंभराला काही अर्थ उरत नाही. पोलादी तारेपासून यंत्रावर खिळे पाडणं 1880–90 च्या सुमारास जोरात सुरू झालं आणि एका पेटीतले सगळे खिळे जवळपास सारखे निघायला लागले. मोजणीचा खेळ म्हणून या प्रकाराचं वय त्याच्या मागे नेणं अवघड वाटतं.

खिळा

नियमांचं खरं घोडं इथेच अडतं. इंग्रजी जगात या खेळासाठी बहुतेकदा ‘साठ पेनी’ खिळा घेतात, म्हणजे 6 इंच (152 मिमी) लांब आणि 0.263 इंच (6.68 मिमी) जाड. पेनी हे माप आलं कुठून यावर वाद आहे, शंभर खिळ्यांची किंमत हे जास्त मानलं जाणारं मत, हजार खिळ्यांचं वजन हे दुसरं, पण नियम करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो याने की या मापातून लांबी आणि जाडी कळते, पोलाद कसलं ते कळत नाही.

गोल दांडा पूर्णपणे वाकायला लागणारं आघूर्ण (फिरवणारा जोर म्हणा) हे पोलादाच्या नमनबलाला (ज्या ताणाला ते कायमचं वाकतं तो ताण) व्यासाच्या घनाने गुणून 6 ने भागलं की मिळतं. घन आहे हे महत्त्वाचं. व्यास 2 टक्क्यांनी वाढला तर काम 6 टक्क्यांनी जड होतं, आणि 6.68 च्या जागी कोणी गुपचूप 6 मिमीचे खिळे आणले तर प्रत्येक खिळा 25 टक्क्यांहून जास्त सोपा होतो, नुसतं बघून कुणाच्या लक्षातही येणार नाही. अमेरिकेत लाकडी बांधकामाच्या हिशोबात या जाडीच्या साध्या खिळ्याचं वाकण्याचं बल, म्हणजे हेच नमनबल, 70,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, सुमारे 483 मेगापास्कल) धरतात. ते घेतलं तर आघूर्ण येतं साधारण 24 न्यूटन-मीटर, म्हणजे मध्यापासून 6 सेंटीमीटरवर हात धरला तर दोन्ही बाजूंना 40 किलोच्या आसपास जोर. लांबी वाढली की हा जोर कमी होतो कारण तरफ मोठी होते, म्हणून ‘जास्त लांब खिळा घेतला’ ही फुशारकी नव्हे, सवलत आहे.

त्याच हिशोबात बारीक खिळ्यांना जास्त बल धरतात, 0.162 इंचाच्या खिळ्याला 90,000 पीएसआय, कारण तार जितकी बारीक ओढावी तितकी ती कडक होत जाते. म्हणजे पोलादाचा कडकपणा हा मूळ धातूइतकाच तार किती ओढली यावरही असतो. त्यात आणखी एक गोष्ट, ताजी ओढलेली कमी कार्बनची तार नुसती पडून राहिली तरी काही काळाने किंचित कडक होते (कार्बन-नायट्रोजनचे अणू धातूतल्या सरकणाऱ्या दोषांना धरून ठेवतात). म्हणून एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे, पण वेगळ्या लॉटचे खिळे सारखे मानता येत नाहीत. काँक्रीटमध्ये ठोकायचे कडक केलेले खिळे तर बादच करावेत, ते वाकण्याऐवजी तुटतात आणि तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. स्टेनलेसचे खिळे वाकवता वाकवता फार कडक होत जातात, त्यांची मोजणी वेगळी ठेवावी.

तर रास्त नियम असा की सगळे खिळे एकाच लॉटचे, पेटी पंचांसमोर फोडलेली, तिच्यातून पंचांनीच (करणाऱ्याने नव्हे) काही खिळे उचलायचे, मायक्रोमीटरने व्यास मोजायचा आणि शक्य असेल तर त्यातले काही यंत्रावर वाकवून बघायचे. खिळ्यांची वाकण्याची परीक्षा करायला एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एफ 1575 ही पद्धत आहेच, दोन आधारांवर खिळा ठेवून मध्ये दाबतात. तेवढी सोय नसेल तर निदान त्याच पेटीतले न वाकवलेले पाच-सहा खिळे सील करून ठेवले तरी पुढे वाद झाल्यावर तपासता येतात. हे कोणी करत नाही.

आधी वाकवून सरळ केलेला खिळा अजिबात चालणार नाही. एका दिशेने वाकवलेलं पोलाद उलट्या दिशेला लवकर शरण येतं, याला बाउशिंगर परिणाम म्हणतात, शिवाय अशा खिळ्यात सूक्ष्म भेगा असू शकतात.

‘वाकला’ कधी म्हणायचं

वाकवणारे लोक तीन टप्पे सांगतात, किंक म्हणजे पहिला मोडा, स्वीप म्हणजे काटकोनाच्या आसपास नेणं, आणि क्रश म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांकडे दाबणं. ताकद पहिल्यात लागते असं बघणाऱ्याला वाटतं, पण दमाच्या खेळात माणसाला संपवतो तो तिसरा, कारण हात जवळ आल्यावर तरफ उरत नाही आणि सगळं बोटांवर येतं. काटकोनावर मोजणी थांबवली तर हा टप्पा जवळजवळ गायब होतो. काटकोनाचा आकडा आणि यू आकाराचा आकडा एका यादीत टाकणं म्हणूनच चूक.

एकेका खिळ्याच्या प्रकारात टोकं 2 इंचांच्या आत आणायचा दंडक रुळलेला आहे. (आयर्नमाइंड या ताकदीच्या व्यायामाचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा प्रसिद्ध ‘रेड नेल’ याच घराण्यातला, तो 7 इंच लांब, 5/16 इंच जाड कोल्ड-रोल्ड म्हणजे थंड असताना लाटलेल्या पोलादाचा.) हा दंडक मोजायला सोपा आहे पण त्यात एक खोच आहे. 6 इंची खिळा बरोब्बर मध्ये वाकला तर टोकं 2 इंचांवर येतात तेव्हा तो सरळ स्थितीपासून सुमारे 140 अंश वाकलेला असतो. मोडा अर्धा इंच बाजूला पडला तर त्याच 2 इंचांसाठी 145 अंशांच्या पुढे जावं लागतं, आणि मोडा पूर्ण एक इंच सरकला तर खिळा अगदी घडी केला तरी टोकं जेमतेम 2 इंचांवर येतात! थकल्यावर मोडा सरकतोच, म्हणजे शेवटच्या खिळ्यांना नकळत जास्त कडक शिक्षा. टोकांऐवजी कोन मोजणं मला जास्त न्याय्य वाटतं, पत्र्याचा एक 40 अंशांचा त्रिकोणी गेज कापून घेतला आणि खिळ्याचा मोडा त्यात बसवून बघितला की दोन सेकंदांत निकाल लागतो. बाहेरून भेग दिसली तरी खिळा धरावा, दोन तुकडे झाले तर धरू नये पण त्याचा वेळही परत देऊ नये.

वेळ आणि थकवा

140 अंश वाकवायला एका खिळ्यामागे साधारण 60 जूल काम होतं, वाकताना पोलाद कडक होतं ते धरून थोडं जास्त. दोनशे खिळ्यांचं मिळून हे काम 3 किलोकॅलरीच्या आसपास भरतं, म्हणजे बिस्किटाच्या तुकड्याइतकं! तेव्हा इथे ऊर्जा कमी पडत नाही. करकचून धरलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, तिथे गाडं अडतं. बोटांच्या थकव्याचं मोजमाप शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सोने 19 व्या शतकाच्या शेवटी एर्गोग्राफवर (स्नायूचं काम नोंदवणाऱ्या यंत्रावर) सुरू केलं, पुढे रोमर्ट या संशोधकाने 1960 साली जोर आणि टिकण्याचा वेळ यांची वक्ररेषा मांडली. कमाल जोराच्या 15 टक्क्यांखाली स्नायू कितीही वेळ टिकतो, हा त्यातून काढलेला निष्कर्ष नंतरच्या लोकांना तितकासा पटलेला नाही आणि ते बरोबर वाटतं. मोनो आणि शेरर या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेली कल्पना इथे जास्त कामाची, की स्नायूंच्या गटाकडे कामाचा एक मर्यादित साठा असतो आणि तो न संपवता टिकवता येईल असा एक वेग असतो. पाच मिनिटांच्या खेळात साठा बोलतो, तासाच्या खेळात वेग, म्हणून दोन्हींचे आकडे एकमेकांत रूपांतरित करायच्या भानगडीत पडू नये. घड्याळ विश्रांतीतही चालू राहावं. ‘फक्त वाकवण्याचा वेळ’ मोजणारे नियम दिसतात, ते दमाचे नियमच नव्हेत.

वाकवण्याचं बहुतेक काम उष्णतेत जातं, त्यामुळे ताज्या खिळ्याचा मोडा हाताला चांगला गरम लागतो. पंचाने खिळा उचलताना हे आपसूकच कळतं, मात्र पुरावा म्हणून त्यावर विसंबू नये.

हात, पट्टे, मदत

दोन्ही तळवे खाली, दोन्ही वर, किंवा एक वर एक खाली अशा पकडी आहेत, दमाच्या खेळात मध्येच पकड बदलायला मुभा द्यावी. मांडी, गुडघा, छाती यावर टेकवून वाकवणं हा वेगळा वर्ग. खिळ्याचं टोक तळव्यात घुसू नये म्हणून कापड किंवा चामडं गुंडाळतात, पण गुंडाळी जाड आणि ताठ असली की ती खिळ्याच्या बाहेर जाऊन तरफ लांबवते. म्हणून गुंडाळीची लांबी, रुंदी आणि थर आधी ठरवावेत आणि ती खिळ्याच्या टोकापलीकडे गेलेली नसावी. गुंडाळून तयार खिळे मदतनीसाने हातात देणं हा सगळ्यात मोठा न दिसणारा फरक आहे, खिळ्यामागे काही सेकंद वाचतात. चालेल, पण तसं नोंदीत लिहावं.

मोजणीला दोन माणसं आणि एकसलग व्हिडिओ. शिवाय वजनाचा ताळा घेता येतो, या मापाचा एक खिळा साधारण 42 ग्रॅमचा, म्हणजे दोनशेचा ढीग 8 किलोच्या थोडा वर भरायला पाहिजे, आणि दोन-चार खिळ्यांची गडबड काट्यावर लगेच उघडी पडते.