डिमेन्शिया झालेल्या व्यक्तीची चिडचिड, नकार, आरडाओरडा: आमची सेवा कशी चालते

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेली व्यक्ती मुद्दाम त्रास देत नाही. दुखतंय, भीती वाटतेय, लघवीला लागलीय हे बोलून सांगता येईनासं होतं आणि मग ते ओरडण्यातून, मारण्यातून, दार वाजवण्यातून बाहेर पडतं. म्हणून पहिले दोन आठवडे घरी येणाऱ्या आमच्या सेविका ताई मुख्यतः वही लिहितात: आधी काय चाललं होतं, नेमकं काय घडलं, मग घरच्यांनी काय केलं. वेळेसकट. रात्रीचं तुम्ही लिहायचं.

त्रास दोन-चार दिवसांत एकाएकी वाढला असेल, तर मात्र वहीची वाट पाहू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, दातदुखी, नवं औषध यांपैकी काहीही असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा.

एक आजी अंघोळीचं नाव काढलं की ओरबाडायच्या. नोंदींवरून कळलं, बाथरूममध्ये नेल्या नेल्या साडी सोडली जायची आणि पाणी थेट डोक्यावर. आता अंगावर पंचा असतो, कोमट पाणी पायांपासून सुरू होतं आणि तांब्या आजींच्याच हातात असतो. केस वेगळ्या दिवशी धुतो. ओरबाडणं थांबलं. नकार अजूनही येतो, त्या दिवशी ओल्या कपड्याने अंग पुसतो. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा आग्रह सोडणं घरच्यांना फार जड जातं. तरी सोडाच.

संध्याकाळी "घरी जायचंय" सुरू झालं, तर "हेच तुमचं घर" असा वाद घालू नका. घरी कोण कोण आहे ते विचारा, सोबत एक चक्कर मारून या. अंधारायच्या आधी दिवे लावा, दुपारची झोप लांबू देऊ नका, उशिराचा चहा टाळा.

शांत करणाऱ्या गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगतो. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरच्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. लेवी बॉडी प्रकारच्या डिमेन्शियात तर ती फारच जपून द्यावी लागतात. कधीकधी त्यांची गरज पडते, पण तो निर्णय डॉक्टरांचा. चालू गोळीही परस्पर बंद करू नका. आमच्या ताई चिठ्ठीशिवाय गोळी देत नाहीत, कुणाला बांधून ठेवत नाहीत, बाहेरून कडी घालत नाहीत. तशी अट असेल तर आम्ही काम घेत नाही.

दर पंधरा दिवसांनी वही तुमच्यासोबत बसून वाचतो. त्या वेळी प्रत्यक्ष सांभाळणारी व्यक्ती, बहुतेक घरांत सून किंवा मुलगी, समोर हवी. बाकीचे फोनवर असले तरी चालतील.