वरच्या ओठातली गाठ

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकला की तोंडातल्या प्रत्येक फोडाचं खापर उष्णतेवर फुटतं. सब्जा घ्या, शेवभाजी बंद करा, हा घरचा सल्ला. तोंड आलं असेल तर तो चालून जातो. पण न दुखणारी, मऊ, निळसर गाठ दिसली तर नाही.

ओठ, गाल, जीभ आणि टाळूच्या अस्तराखाली ६०० ते १००० बारीक लाळग्रंथी असतात. खालचा ओठ दाताखाली चावला गेला की एखादीची नळी फुटते आणि लाळ आजूबाजूला साठते. हा म्यूकोसील. तो तरुणांत जास्त दिसतो. फुटतो, बसतो, पुन्हा भरतो. क्वचित नळी फुटत नाही, तुंबून फुगते. केळीच्या बागेतलं ठिबक फुटणं वेगळं आणि चोंदणं वेगळं, तसंच हे. तुंबलेली गाठ बहुधा मोठ्या वयात होते.

खरी कसोटी जागेची. वरच्या ओठात म्यूकोसील विरळाच. तिथली टणक गाठ लाळग्रंथीचा ट्यूमर असण्याची शक्यता जास्त, मग तो साधा, म्हणजे कर्करोग नसलेला, का असेना. टाळूवर किंवा अक्कलदाढेमागे तर म्यूकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा हा कर्करोगही असाच निळसर, मऊ दिसू शकतो. सुईने पाणी काढून तपासलं तरी नुसता चिकट स्राव येऊन तो निसटतो. म्हणून अशा जागी ‘पाण्याचा फोड आहे, बघू’ हे उत्तर मला पटत नाही.

उलगडा होतो काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. नळी फुटली असेल तर स्रावाचं तळं दिसतं, त्यात तो गिळून फुगलेल्या फेसाळ पेशी, आणि भोवती स्वतःचं अस्तर नाही. तुंबलेल्या गाठीला नळीच्याच पेशींचं अस्तर असतं. कर्करोगात स्राव बनवणाऱ्या, त्वचेसारख्या आणि मधल्या अवस्थेतल्या पेशींचे पुंजके भिंतीतून आत शिरलेले सापडतात.

नंदुरबारच्या दुर्गम अक्कलकुवा-धडगावहून आलेल्या माणसाला अहवालासाठी दुसरी खेप जड जाते, हे खरं. तरीही काढलेला तुकडा फेकू देऊ नका. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगा. धुळे-जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग आहे. म्यूकोसील काढताना त्याला लागून असलेल्या छोट्या ग्रंथीही काढाव्या लागतात, नाहीतर गाठ परत येते. आणि गाठ कधीपासून आहे, मधे फुटली होती का, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा.