जखम आज दिसली, पण झाली परवा

"काल संध्याकाळपर्यंत पाठ चांगली होती हो. आज चादर बदलायला घेतली, तर माकडहाडापाशी हा एवढा जांभळा डाग!" म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा चालू असलेल्या घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. आजी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आणलं आणि डाग उमटला. बघता बघता तिथली कातडी काळी पडते, सुटते आणि आत हाडापर्यंत खड्डा निघतो. मग ब्युरोकडून आलेल्या मावशींवर आळ येतो. रात्री झोपून राहिल्या असतील, कूस बदलली नसेल.

मावशी झोपल्या असतीलही. पण या जातीच्या खोल बेडसोअरमध्ये, म्हणजे एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमेत, इजा झाल्यापासून डाग वर दिसेपर्यंत ४८ ते ७२ तास जाऊ शकतात. तेवढे तास मागे मोजत गेलं, तर आपण घरी नाही, कॅज्युअल्टीतल्या ट्रॉलीवर, एक्स-रेच्या टेबलावर किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये पोचतो. तिथे मोडक्या पायामुळे आजींना हलता येत नव्हतं, भुलीमुळे दुखतही नव्हतं आणि अंगाखालची गादी नावापुरती होती.

या जखमांची दोन तयार उत्तरं आपल्याकडे आहेत आणि मला दोन्हींची चीड आहे. पहिलं उत्तर म्हणजे 'भोग'. म्हातारपणी पाठ सडली, म्हणजे मागचं काहीतरी फेडायचं राहिलं होतं, असं भेटायला आलेली माणसं खाटेशेजारी बसून बोलतात आणि खाटेवरच्या माणसाला ते ऐकू जातं. दुसरं उत्तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं, १८५९ सालचं. रुग्णाला बेडसोअर झाला, तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो, असं त्यांनी लिहून ठेवलं. भोगापेक्षा हे पुष्कळ बरं, कारण यात निदान माणसाच्या हातात काहीतरी आहे. पण सगळं खापर सेवा करणाऱ्याच्या माथ्यावर फोडण्याआधी गादी आणि हाड यांच्या मध्ये काय घडतं ते बघायला हवं.

सुरुवात शाळेतल्या सूत्राने करू. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ५५ किलो वजनाच्या आजी उताण्या झोपल्यात आणि त्यांचं साधारण अर्धा चौरस मीटर अंग गादीला टेकलंय, असं धरा. भार सगळीकडे समान वाटला गेला तर दर चौरस सेंटीमीटरला ११ ग्रॅम येतो. रक्तदाबाच्या भाषेत, म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, हा दाब जेमतेम ८ भरतो. आता दुसरा आकडा. १९३० साली यूजीन लँडिस यांनी नखाच्या कडेच्या कातडीतल्या केशवाहिन्यांमध्ये केसासारखी बारीक काचेची नळी घालून आतला दाब मोजला. रक्त जिथून शिरतं त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर निघाला, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे ४३ ग्रॅम. बाहेरचा दाब याहून जास्त झाला, तरच केशवाहिनी दबून रक्त थांबेल. आठ कुठे आणि बत्तीस कुठे! या हिशेबाने कोणालाच बेडसोअर होता कामा नये.

गोम 'समान वाटला गेला तर' या गृहीतात आहे. माणूस सपाट नसतो. उताणं झोपलं की भार डोक्याची मागची बाजू, खांद्याची पाती, माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थीचं हाड आणि टाचा यांच्यावर एकवटतो. १९६५ साली लिंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजण्यासाठी चक्क खिळ्यांचा पलंग बनवला. खिळे स्प्रिंगांवर बसवलेले होते. माणूस त्यावर झोपला की कुठली स्प्रिंग किती दबली, त्यावरून त्या जागेचा दाब कळायचा. महाभारतातले भीष्म डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहत नाहीत. शरशय्येवर डोकं लोंबकळत होतं म्हणून त्यांनी उशी मागितली आणि अर्जुनाने तीन बाण मारून ती दिली. आधाराचं क्षेत्रफळ वाढवायची ही कदाचित आपल्याकडची सर्वांत जुनी नोंद असेल! असो. लिंडन यांच्या पलंगावर टाचा, डोक्याची मागची बाजू आणि कुल्ले यांच्याखाली ४० ते ६० मिलिमीटर दाब सापडला.

चाळीस म्हणजे बत्तीसपेक्षा जास्तच. मग तुम्हा-आम्हाला रोज सकाळी जखमा का होत नाहीत? कारण आपण झोपेतही हलतो. मायकेल कोसियाक यांनी १९५९ आणि १९६१ साली प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत ७० मिलिमीटरचा सलग दाब दोन तास दिला, तेव्हा ऊतींमध्ये न भरून येणारे बदल दिसले. तोच दाब थोड्या थोड्या वेळाने काढून घेतला, तर त्याहून कितीतरी जास्त दाबही ऊतींनी सोसला. दाब आणि वेळ यांचा असा सौदा असतो. भरपूर दाब थोडा वेळ चालतो, थोडा दाब बराच वेळ चालतो, पण थोडासाही दाब बेमुदत चालत नाही.

इथवरची गोष्ट अशी, की केशवाहिनी दबली, रक्त थांबलं, प्राणवायू संपला, पेशी मेल्या. पाठ्यपुस्तकं बरीच वर्षं इथेच थांबत होती. मला खरा रस आहे तो पुढच्या भागात. हा थोडा किचकट आहे.

नुसता रक्तपुरवठा तुटला तर स्नायू काही तास तग धरतो. शल्यचिकित्सक पायाला पट्टा आवळून दीड-दोन तास रक्त बंद ठेवतात आणि पाय शाबूत राहतो. मग तेवढ्याच वेळात बेडसोअर कसा होतो? नेदरलँड्समधल्या आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या पायांवर हे तपासलं. काही उंदरांमध्ये पट्ट्याने फक्त रक्त थांबवलं, तर काहींमध्ये स्नायूवर दाबणी टेकवून त्याचा आकारच बिघडवला. वेळ दोन्हीकडे दोन तास. एमआरआयमध्ये दिसलं की रक्त थांबलेल्या स्नायूतले बदल पट्टा काढल्यावर मागे फिरतात, पण जिथे स्नायू चेपला गेला होता तिथे नुकसान टिकून राहतं. पेशी उपाशी मरण्याच्या आधीच चिरडून मरत होती.

चिरडण्याचं यंत्र असं चालतं. हाडाच्या टोकाशी लागून असलेल्या स्नायूवर भार आला की तो बाजूला पसरतो, ताणला जातो. पेशीच्या आत तंतूंचा एक सांगाडा असतो, तो वाकतो आणि मोडतो. पेशीचं पटल ताणून झिरपू लागतं. बाहेर भरपूर असलेलं आणि आत काटेकोरपणे कमी ठेवलेलं कॅल्शियम आत घुसतं, आणि कॅल्शियमवर चालणारी विकरं (एन्झाइम्स) पेशीतलीच प्रथिनं कापायला घेतात. पेशी मेली की सूज येते. पण हाड आणि गादी यांच्यामध्ये सुजेला पसरायला जागा नसते. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि तो शेजारच्या पेशींना चेपतो. मेलेली एक पेशी अशी दुसरीला मारत जाते. हे सगळं हाडालगत चालतं, कारण ताण तिथेच सर्वांत जास्त असतो. शिवाय स्नायू कातडीपेक्षा नाजूक असतो. वरची चिवट कातडी त्या वेळी अगदी नीटनेटकी दिसते. नुकसान आतून बाहेर येत येत पृष्ठभागाला पोचेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात, आणि ज्या पाठीला आपण काल 'चांगली' म्हणालो ती परवाच बिघडलेली असते.

यात भर पडते सरकण्याची. जेवायला घालताना आजींना लोडाला टेकवून अर्धवट बसवतात आणि मग तसंच ठेवतात. कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते, हाडांचा सांगाडा मात्र वजनाने खाली घसरतो. स्नायूतून कातडीकडे उभ्या येणाऱ्या रक्तवाहिन्या गोधडीच्या टाक्यांसारख्या असतात. वरचा थर एकीकडे आणि खालचा दुसरीकडे ओढला, की टाके तिरपे होऊन ताणतात. म्हणून जेवण झाल्यावर थोडा वेळ गेला, की पाठ ३० अंशांपर्यंत खाली आणायची. आणि बसवतानाही आधी गुडघ्यांखाली उशी द्यायची, म्हणजे घसरण थांबते.

म्हातारपणी हे सगळं लवकर घडतं. कातडीखालची चरबी आणि स्नायू झडतात, कातडीचे दोन थर एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात ती गुंतवण सपाट होते. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट हालचालीची. १९६१ साली लंडनमध्ये एक्स्टन-स्मिथ आणि शेरविन यांनी वृद्ध रुग्ण रात्रभरात किती वेळा हलतात ते यंत्राने मोजलं. पन्नासहून जास्त वेळा हलणाऱ्यांपैकी कोणालाही जखम झाली नाही. वीस किंवा त्याहून कमी वेळा हलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना झाली. 'आजोबा रात्री फार चुळबुळ करतात' म्हणून झोपेची गोळी मागणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पुढच्याच वर्षी त्याच एक्स्टन-स्मिथ यांच्यासोबत डोरीन नॉर्टन या परिचारिकेने वृद्धांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकृती, मनाची जागरूकता, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा यांना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे. बेरीज १४ किंवा कमी आली, तर धोका. वीसपैकी गुण द्यायची ही पट्टी घरीही वापरता येते. त्या काळी तिथल्या वॉर्डांत पाठीला साबण, स्पिरिट आणि तऱ्हेतऱ्हेची मलमं चोळायची पद्धत होती. नॉर्टन यांनी ती तपासली आणि चोळण्याच्या कुठल्याच पदार्थाचा विशेष फायदा दिसला नाही. फायदा दिसला तो वेळेवर कूस बदलण्याचा. आपल्याकडे आजही स्पिरिट, पावडर, कापूर घातलेलं खोबरेल यांचा मारा चालूच असतो. इजा हाडापाशी, आणि उपाय दोन इंच वर! शिवाय हाडाच्या टोकावर जोरात चोळणं म्हणजे आतल्या चेपलेल्या स्नायूला आणखी रगडणं. मधे भोक असलेली रबरी रिंगही तशीच. ती भोकाच्या कडेवर दाब वाढवते आणि मधल्या भागातलं रक्त अडवते. पंपावर चालणारी हवेची गादी चांगली, पण तिच्यावर रबरी शीट, त्यावर दुमडलेली चादर, त्यावर डायपरचा पॅड आणि मायेने घातलेली गोधडी असे थर चढले, की पंप नुसता घरघरत राहतो.

पुस्तकातली एक खूण तर आपल्या बहुतेकांना लागूच पडत नाही. बेडसोअरच्या पहिल्या टप्प्याची, म्हणजे कातडी अजून फुटलेली नसतानाची, व्याख्या अशी: बोटाने दाबलं तरी पांढरी न होणारी लाली. ही लाली गोऱ्या कातडीवर दिसते. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ती जांभळट, राखाडी किंवा नुसती शेजारच्यापेक्षा गडद दिसते. कधी काहीच दिसत नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्येही कृष्णवर्णीय रहिवाशांच्या पहिल्या टप्प्याच्या जखमा कमी नोंदल्या जातात आणि पुढच्या टप्प्याच्या जास्त, असं आढळलंय. म्हणून डोळ्यांपेक्षा हात वापरावा. तळहाताची मागची बाजू माकडहाडावर ठेवायची, मग चार बोटं बाजूला. जागा शेजारच्यापेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत लागते का? दुखतं का? उत्तर 'हो' असेल तर त्या बाजूला झोपवायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. टाचाही बघायच्या. पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवली, की तिथला प्रश्न सुटतो.

आणि कपडे. नऊवारीचा काष्टा मागे खोचला जातो तो नेमका त्रिकास्थीवर. आजोबांचा करदोटा आणि त्याला बांधलेली किल्ली, घट्ट झालेली जोडवी, जानव्याची गाठ यांतलं काहीही रात्रभर अंगाखाली रुतू शकतं. म्हणून लुगडं सोडवून आजींना हॉस्पिटलचा गाऊन चढवलाच पाहिजे असं नाही. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला गाऊनमध्ये उघडं वाटतं, मग ती कूस बदलू देत नाही आणि 'पाठ दुखत नाही' म्हणून सांगते. जुनं मऊ लुगडं काष्टा न घालता सैल गुंडाळलं की दोन्ही साधतं. सासऱ्यांची पाठ सुनेने बघायची का, आजींना वॉर्डातले ब्रदर चालतील का, हे आधी विचारून घ्यावं. तपासताना तेवढाच भाग उघडा करून बाकी अंग चादरीने झाकावं. दक्षिणेकडे पाय नकोत, नमाजासाठी तोंड पश्चिमेकडे हवं, अशा गोष्टी खाट फिरवून सहज जमतात. फक्त ती भिंतीला चिकटवू नका, नाहीतर एकाच कुशीवर वळवणं होतं.

उपासाचंही तसंच. जखम भरायला किंवा टाळायला किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आपल्या ५५ किलोच्या आजींना ६६ ग्रॅमच्या वर. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांना विचारावा.) पेज आणि मऊ भातावर हे भागत नाही, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. 'एकादशी मोडा' म्हटलं तर आजी जेवायच्याच बंद होतील. त्यापेक्षा राजगिरा, दाण्याची आमटी, दही, दूध, पनीर पुढे करावं. हे सगळं उपासाला चालतं.

आता राहिला तो दर दोन तासांनी कूस बदलायचा प्रसिद्ध नियम. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधल्या ९४२ रहिवाशांवर झालेल्या चाचणीत दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलण्याची तुलना झाली आणि जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. झोपमोड वाचवण्यासाठी ही चांगली बातमी आहे, आजींच्याही आणि मावशींच्याही. पण ते सगळे रहिवासी दाट फोमच्या गादीवर झोपत होते. आपल्याकडच्या बसक्या, गाठी झालेल्या कापसाच्या गादीवर अजून दोनच तास धरायचे.