आधी तापतं, मग बिघडतं

उसाच्या ट्रॉल्या रोज बघणाऱ्या सोलापूरकराला कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे काय हे फार समजवावं लागत नाही. जीपमागे जोडायची दोन चाकांची गाडी, तिच्यात झोपायची जागा, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी, बॅटरी आणि टपावर सोलर पॅनेल. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण धोरणाने चाकाच्या बेअरिंगला ग्रीस मिळत नाही. ट्रॉली ट्रॅक्टरमागे रमतगमत चालते. ट्रेलर मात्र पुणे हायवेवर ताशी ८० किलोमीटरने पळतो आणि तासाभरात उजनीच्या काठच्या खड्ड्यांत उतरतो.

अशा गाडीचे बरेचसे बिघाड शोधायला भौतिकशास्त्राचा एकच नियम पुरतो. जिथे घर्षण वाढतं किंवा विजेच्या वाटेत अडथळा येतो, तिथे ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे भाग निकामी होण्याआधी तापतो. सोलापूरच्या मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर असते, त्यामुळे तापायला उरलेली मुभाही कमी.

चाकापासून सुरुवात करू. अक्कलकोट रोडवर ट्रॉल्यांची कामं करणारे मिस्त्री गाडी थांबली की आधी हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंग असलेल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू नेतात. "मालक, दोन्ही हब सारखेच कोमट पाहिजेत. एकाचाच चटका बसला तर खोला," हा त्यांचा सगळा सिद्धांत, आणि तो बरोबर आहे. किती तापलं यापेक्षा शेजारच्या चाकापेक्षा किती जास्त तापलं, हे महत्त्वाचं. लांबूनच तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काम सोपं होतं, पण चकचकीत धातूवर तो फसतो. असा धातू स्वतः फार कमी उष्णता उत्सर्जित करतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, म्हणून आकडा खोटा, बहुधा कमीच येतो. हबवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. १५-२० अंशांचा फरक दिसला की चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग सैल आहे. फिरवल्यावर करकरलं तर बेअरिंग गेलंय. आणि चाक जड फिरत असेल, तर ब्रेक घासतोय का ते आधी बघा.

पावसाळ्यात बेअरिंगचा खरा शत्रू पाणी, आणि ते आत कसं जातं ही मोठी मजेशीर गोष्ट आहे. लांब पल्ला मारून हब ७० अंशांवर गेलाय आणि तुम्ही तसेच ओढ्यात उतरलात, पाणी २७ अंशांचं. आतली हवा झटकन थंड होते आणि तिचा दाब सुमारे आठव्या हिश्श्याने घटतो. बाहेरची हवा मग पाण्याला ऑईल सीलच्या, म्हणजे हब बंद ठेवणाऱ्या रबरी कड्याच्या, फटीतून आत ढकलते. सील थोडं जरी झिजलेलं असलं तरी घोट आत गेलाच. काही दिवसांनी हबची टोपी काढली की ग्रीस दुधाळ दिसतं, बोटाला चिकटायच्या ऐवजी घसरतं. त्यात वंगणाचा गुण उरलेला नसतो आणि रोलरवर गंजाचे ठिपके धरायला लागतात. उपाय फुकटचा आहे: ओढ्याआधी थांबा, चहा प्या, हब निवू द्या. तरीही खोल पाण्यातून गेलात तर घरी आल्यावर टोपी उघडून ग्रीसचा रंग बघाच.

टायरबद्दल थोडक्यात. पहाटे २५ अंशांना ३२ पीएसआय भरलेली हवा टायर ६० अंशांवर गेला की ३७-३८ दाखवते. ती वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. घाबरून हवा काढली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो, जास्त दबतो आणि आतलं रबर सतत वाकत राहिल्याने आणखी तापतो. मातीत हवा कमी करणं योग्यच, पण डांबरावर यायच्या आत पुन्हा भरायची.

आता वीज. "फ्रिज बिघडला" ही नेहमीची तक्रार, आणि फ्रिज बहुतेक वेळा निर्दोष असतो. घरच्या २३० व्होल्टमध्ये एखादा व्होल्ट हरवला तर कुणाला पत्ताही लागत नाही. ट्रेलरच्या १२ व्होल्टमध्ये तोच एक व्होल्ट म्हणजे मोठी चोरी. हिशोब बघा. बॅटरीपासून ६ मीटरवर फ्रिज आणि पंप मिळून १० अँपिअर घेतायत, तांब्याची वायर २.५ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन १२ मीटर वायरचा रोध (विजेला होणारा अडथळा) ०.०८ ओहमच्या आसपास, म्हणजे ०.८ व्होल्ट वाटेतच गेले. अर्धी उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.२ व्होल्ट दाखवते, फ्रिजपर्यंत पोचले ११.४. बॅटरी वाचवण्यासाठी फ्रिजमध्ये कमी व्होल्टेजला बंद पडायची सोय असते, ती वेळेआधीच जागी होते. १० चौरस मिलिमीटरची वायर टाकली की तोटा ०.२ व्होल्टवर येतो.

वायरपेक्षा वाईट म्हणजे ढिला सांधा. खडबडीत रस्त्यावर नट सैल होतात, त्यात आपली काळ्या मातीची पिठासारखी धूळ. सांध्यात ०.१ ओहम रोध आला तरी १० अँपिअरला तिथे १० वॅट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक वितळायला तेवढी पुरते. फ्यूज मात्र उडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. हे पकडायची युक्ती अशी: फ्रिज चालू ठेवा आणि मल्टिमीटरच्या दोन्ही टोच्या एकाच सांध्याच्या अलीकडे-पलीकडे लावा. चांगल्या सांध्यावर काही मिलिव्होल्टच दिसतात. अर्धा व्होल्ट दिसला की चोर सापडला. फ्रिज बंद ठेवून मोजलं तर काहीच कळत नाही, आणि बरेच जण नेमकं तसंच मोजतात.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, हा प्रकारही याच घरातला. लाइटची अर्थिंगची (परतीची) वायर चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे बोल्टने जोडलीय तिथे गंज किंवा रंग आला, की परतीची वाट अडते आणि करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. बल्ब बदलत बसू नका. बोल्ट काढा, सँडपेपरने लोखंड उघडं करा, घट्ट आवळा, वर थोडं ग्रीस.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, म्हणजे टपावर आडवं ठेवलेलं पॅनेल तेव्हा अगदी नेमक्या कोनात. पण सिलिकॉनच्या सेलची क्षमता २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटते. सेल ७० अंशांवर गेले की २०० वॅटचं पॅनेल १७० च्या आसपास येतं. टप आणि पॅनेल यांच्यात चार बोटं फट ठेवली तर वारा खेळतो आणि त्यातलं थोडं परत मिळतं.

त्याच दुपारी फ्रिजचं ओझं वाढलेलं असतं. आत ४ अंश आणि बाहेर २५ असताना झिरपणारी उष्णता, बाहेर ४४ झाल्यावर जवळपास दुप्पट होते. शिवाय इतक्या गरम हवेत उष्णता सोडायची तर कॉम्प्रेसरलाही जास्त राबावं लागतं. त्यामुळे फ्रिजमागच्या जाळीवर गाद्या-चादरी रचू नका, धूळ ब्रशने झाडा, आणि निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज थंड करून त्यात गारच सामान भरा.