शियाओलाँगबाओ आणि शेंगजियानबाओ : फरक पारीचा

शांघायमध्ये दुपारी एखाद्या साध्या खानावळीत गेल्यास एका टेबलावर बांबूच्या करंडीतले शियाओलाँगबाओ आणि शेजारच्या टेबलावर ताटलीतले शेंगजियानबाओ दिसणे अगदी नेहमीचे आहे. दोन्हींत डुकराच्या मांसाचे सारण आणि गरम रस्सा असल्यामुळे नवख्या माणसाला एक उकडलेला व दुसरा तळलेला, एवढाच फरक जाणवतो. तो खरा असला, तरी मूळ फरक पारीच्या पिठात आहे.

रस्सा आत भरण्याची युक्ती दोन्हीकडे बहुधा एकच असते. डुकराची कातडी बराच वेळ शिजवली, की तिच्यातले कोलॅजेन पाण्यात उतरते आणि ते पाणी गार झाल्यावर थिजते. त्याचे बारीक तुकडे खिम्यात मिसळतात व ते आचेवर पुन्हा वितळतात.

हा रस्सा धरून ठेवणे हे शियाओलाँगच्या पारीचे काम असते. शांघायजवळच्या नानशियांग गावाशी एकोणिसाव्या शतकापासून जोडल्या गेलेल्या या पदार्थासाठी मैदा सहसा आंबवत नाहीत, कारण न आंबवलेली पारी पातळ लाटली तरी रस्सा शोषत नाही. उकडीच्या मोदकाला पाडतात तशा कळ्या पाडून तिचे तोंड मिटतात. तैपेईच्या दिन ताय फुंग या उपाहारगृहाने तर 18 कळ्यांचे प्रमाणच ठरवून घेतले आहे. खाताना तो चॉपस्टिकने अलगद उचलून चमच्यात घ्यावा, कडेला लहानसे भोक पाडून आधी रस्सा प्यावा आणि मग आल्याच्या बारीक कापांसह काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून खावा. घाईने उचलल्यास पारी फाटून सगळा रस्सा करंडीत जातो, आणि या पदार्थाचा जीवच त्या रश्श्यात असतो.

शेंगजियानच्या जुन्या पद्धतीत पारी आंबवलेली आणि जाडसर असते. मोठ्या सपाट बिडाच्या तव्यात बाओ एकमेकांना खेटून लावतात, तेलात बूड धरू देतात, मग पाणी घालून वर जड लाकडी झाकण ठेवतात. त्यामुळे बूड खरपूस होते आणि वरचा भाग वाफेवर फुगतो. झाकण काढल्यावर तीळ आणि कांद्याची पात भुरभुरतात. आंबवलेली पारी जाळीदार असल्याने सारणातला रस स्वतःच पिऊन घेते, म्हणून 1932 पासून चालत आलेल्या दा हू चुनसारख्या ठिकाणी रस्सा कमी आणि पावाची चव अधिक लागते. गोंधळ वाढवला तो शियाओ यांगसारख्या नव्या दुकानांनी, कारण त्यांची पारी पातळ व रस्सा भरपूर असतो. तिथे ओळखीची खूण म्हणून खरपूस बूडच पाहावे. माझ्या मते मात्र जुनी पद्धतच सरस आहे.

मागणी करतानाही फरक पडतो. शेंगजियान ‘लियांग’च्या मापाने मागतात; एक लियांग म्हणजे 50 ग्रॅम पीठ, अर्थात चार नग. सोबत शेवया घातलेले करी पावडरचे बीफ सूप घेण्याची रीत आहे. शियाओलाँग करंडीवर मोजतात आणि त्याच्याबरोबर अंड्याच्या धिरड्याचे काप घातलेले हलके सूप येते, कारण त्याच्या नाजूक चवीपुढे करी फार भारी पडते.

बांधून न्यायचेच असेल, तर जुन्या पद्धतीचे शेंगजियान न्यावे, कारण त्याचे बूड नरम पडले तरी पारी टिकते. शियाओलाँगची पारी मात्र गार होताच खालच्या कागदाला चिकटते आणि उचलताना फाटते.